धुऱ्यावरचा भुईआवळा

पाऊस लागला की भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर भुईआवळा आपोआप उगवतो. झाड वीत-दीड वीत उंच, पानं आवळ्यासारखी, डहाळी उलटी केली की खाली मोहरीएवढ्या हिरव्या फळांची ओळ. रात्री पानं मिटतात. एरवी निंदणात उपटून फेकायचं हे तण. पण घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले की तेच मुळासकट वाटून पाजलं जातं. होमिओपॅथीच्या दुकानात त्याचा अर्क ‘फायलॅन्थस निरुरी’ नावाने मिळतो. गंमत म्हणजे आपल्याकडे उगवतो तो बहुतेक ‘फायलॅन्थस अमारस’, त्याच कुळातली दुसरी जात. खरी निरुरी अमेरिकेकडची.

गुण येतो का? 1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांचा निबंध छापून आला. कावीळ आणणाऱ्या हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्यांना महिनाभर भुईआवळ्याची पूड दिली. 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. खोटं औषध घेणाऱ्या 23 जणांत फक्त एकाची. लेखकांत बारुच ब्लुमबर्ग होते, ज्यांना याच विषाणूच्या शोधासाठी 1976 मध्ये नोबेल मिळालं. मग आशा वाढणारच.

पण ती टिकली नाही. थायलंडमध्ये तसा गुण दिसला नाही. 1994 मध्ये मुंबईच्या संशोधकांनीही आपल्या चाचणीत विषाणूची खूण हटली नसल्याचं प्रसिद्ध केलं. 2011 मध्ये औषधांच्या चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 16 चाचण्या तपासल्या, त्या सगळ्याच कच्च्या निघाल्या. खोट्या औषधापेक्षा भुईआवळा सरस असल्याचा भक्कम पुरावा हाती लागला नाही.

मग गावोगाव लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए-ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत जे पाजलं, श्रेय त्याला.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. ‘30’ पोटन्सी म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली. बाराव्या पायरीपलीकडे मूळ झाडाचा एखादा रेणू सापडणंही मुश्कील. झाडाच्या पुडीवरचे निष्कर्ष, बरे असोत की वाईट, त्या गोळ्यांना लावताच येत नाहीत.

कावीळ दिसली तर आधी रक्त तपासून घ्या, भुईआवळा नंतर. हिपॅटायटिस बी आणि सी या प्रकारांची तपासणी व उपचार राष्ट्रीय कार्यक्रमातून 2018 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत, आणि बी-ची लस बाळाला जन्मानंतर 24 तासांत देता येते.