हाक्यापासून जिवंत तारेपर्यंत

धान लोंबीवर आले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरांचा कळप बांधीत शिरला, तर खातो त्याच्या कितीतरी पट तुडवतो. धान संपले की हरभरा आणि लाखोळीची पाळी येते. रात्रभरात सारे उकरून टाकलेले शेत सकाळी धुऱ्यावरून पाहणाऱ्याचा राग समजायला कुणाला शेतकरीच असावे लागत नाही. या जनावराला मारण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या याचा मागोवा घेताना मला एकच गोष्ट टोचत राहते. प्रत्येक नव्या पद्धतीबरोबर मारणारा माणूस जनावरापासून लांब गेला आणि मरणार कोण, हे ठरवणे त्याच्या हातात उरले नाही. मी ऊर्जानगरात, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत राहतो, त्यामुळे हे जास्तच लागते. या वाटेवरचे शेवटचे हत्यार आमच्या गावात तयार होते.

जुनी पारध सामुदायिक असे. हाकेकरी ओरडत, डबे वाजवत रान उठवत. पुढे वाघूर लावलेली असे किंवा भाले आणि तीरकामठे घेतलेली माणसे दबा धरून बसत. कुत्री डुकराला अडवून धरत. गडचिरोलीच्या दक्षिणेकडील माडिया आदिवासींची शिकार तर पोटासाठीच होती, आणि तिच्यात जीवही जाऊ शकत असे. जखमी नर पळत नाही, उलटून येतो. त्याचा सुळा माणसाची मांडी फाडतो. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. त्याच भागात, हेमलकशात 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. अशाच शिकारीत मारलेल्या माकडिणीला बिलगलेले पिल्लू पाहून प्रकल्प चालवणाऱ्या आमटे दाम्पत्याने ते सांभाळायला घेतले आणि तिथले प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. पण त्या शिकाऱ्याला आपण काय मारतो आहोत हे डोळ्यांसमोर दिसत होते, एवढे खरे.

पुढे भरमार बंदूक आली, मचाण आले, आणि हौशी शिकारीही आले. ताडोबात 1935 सालीच शिकारबंदी झाली. 1955 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानडुकरालाही संरक्षण दिले. शिकार थांबली नाही, मुकी झाली. हाक्याचा आवाज गेला आणि पायवाटेवर तारेचे फासे आले. मोटारसायकलची क्लच वायरही फाशाला चालते; तिच्यात डुक्कर अडकते, तसे अस्वल, बिबट्या आणि वाघही अडकतो. काही ठिकाणी खाण्यात दडवलेला गावठी बॉम्ब ठेवतात. तो जबड्यात फुटला की जनावर लगेच मरत नाही. खाता-पिता न आल्याने तडफडत मरते. चरायला गेलेल्या गाईचाही जबडा त्याने फुटतो.

मग आली वीज. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला; आज केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. गावोगाव खांब गेले, शेतात पंप बसले. त्याच खांबावर आकडा टाकून किंवा पंपाच्या जोडणीतून उघडी तार शेताभोवती खुंट्यांवर गुडघ्याखाली ताणायची आणि घरी जाऊन झोपायचे. जागल नको, कुत्री नकोत, धाडसही नको. जंगलातले चोरटे शिकारी तर थेट 11 केव्हीच्या वाहिनीवर आकडा टाकतात. तारेला काही कळत नाही. डुक्कर, चितळ, शेजाऱ्याचा बैल, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेतमालक, सगळे तिला सारखेच.

कायदेशीर वाट नव्हती असे नाही. 2015 मध्ये राज्य सरकारने पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना वनखात्याच्या परवानगीने मारण्याची सोय केली. त्यातून चंद्रपूर जिल्ह्यात 53 रानडुकरे मारली गेल्याचे आणि आणखी 50 ची परवानगी दिल्याचे सांगून जून 2016 मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीवरूनच परवानगी दिली जाते, असे उत्तर दिले. दिल्लीत वाद रंगला, पण शेतकऱ्याची अडचण तशीच राहिली. परवानगीचा कागद मिळाला तरी परवान्याची बंदूक आणि ती चालवणारा हात कुठून आणायचा? शिवाय असे मारलेले जनावर कायद्याने सरकारच्या मालकीचे. तार मात्र हाताशी होती.

तिचा हिशेब 2017 ने मांडला. एप्रिलमध्ये नागभीड भागात ‘श्रीनिवास’ हा वाघ मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’चा तो बछडा. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेने त्याचा जीव घेतला, नंतर त्याला पुरण्यात आले; रेडिओ कॉलर तुटलेली सापडली. ऑक्टोबरमध्ये ब्रह्मपुरीहून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात शेताच्या तारेला लागून मेली. जिला मारण्याचा आदेश निघून न्यायालयापर्यंत वाद गेला होता, तिचा निकाल एका तारेने लावला.

दुसरीकडे पाहिले, तर अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 2011 च्या कायद्यानंतर हेलिकॉप्टरमधूनही डुकरे टिपतात. तिथली डुकरे माणसाने नेलेली, मोकाट सुटून रानटी झालेली. त्यांना खाणारा वाघ तिथे नाही. आपले रानडुक्कर इथलेच आहे आणि ते वाघा-बिबट्याचे अन्न आहे. टेक्सासचा धडा ताडोबाच्या शेजारी लागू होत नाही.

मोकाट डुकरे आपल्याकडे आहेत, ती वस्तीत. फेब्रुवारी 2022 मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराचा वाघाने, तर दुर्गापुरात एका मुलाचा बिबट्याने बळी घेतला. तेव्हा सगळ्यांची नजर झुडपांकडे गेली, कचऱ्याकडे गेली, आणि त्यावर पोसलेल्या डुकरा-कुत्र्यांकडेही. बिबट्याला सहज मिळणारे भक्ष्य आपणच दाराशी ठेवले होते. त्यावर बंदुकीचा उपाय नाही. कचरा रोज उचलणे आणि पाळीव डुकरे मालकाने कोंडून ठेवणे, हाच उपाय आहे.

1 एप्रिल 2023 पासून सुधारित वन्यजीव संरक्षण कायदा लागू झाला. रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराला परवानगीने मारण्याची तरतूद कायम आहे. पण मला वाटते, उत्तर मारण्यात कमी आणि अडवण्यात जास्त आहे. गावात ज्याला ‘झटका मशीन’ म्हणतात, ते सौर कुंपण क्षणभराचा धक्का देऊन जनावर परतवते, जीव घेत नाही. झटका आणि करंट यांतला हा फरक प्रत्येक धुऱ्यावर पोचला पाहिजे. एकट्याने कुंपण घातले तर कळप शेजारच्या शेतात जातो, म्हणून ते गावाने मिळून घालावे. नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा आणि पैसे पुढच्या पेरणीआधी हातात पडावेत. कृषिपंपाला वीज दिवसा मिळावी, म्हणजे माणसाला रात्री रानात जावे लागणार नाही.

आणि शेतकरी बांधवांना हात जोडून सांगणे एकच. पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. आज संध्याकाळी तार लावणार असाल, तर उद्या पहाटे त्या धुऱ्यावरून आपल्याच घरातले कोण चालत जाणार आहे, ते आधी आठवा. ती तार लावू नका.