गढूळ पाणी, छोटा कॅमेरा : मालवणच्या समुद्रात मॅक्रो फोटोचा धंदा जमेल का?

कॅमेऱ्यावर चालणाऱ्या छोट्या धंद्यांच्या व्हिडिओत मी पाण्याखालच्या मॅक्रो फोटोग्राफीचा विषय दोन मिनिटांत उरकला होता. त्यावर बॅचमधल्या एका ताईंनी मला सरळ प्रश्न टाकला. मामांचा होमस्टे मालवणजवळ आहे, नोकरीतून साठवलेले दीड लाख आहेत, यात उतरू का? दीड लाख आकडा म्हणून छोटा वाटेल, पण पगारातून महिन्याला तीन-चार हजार बाजूला टाकणाऱ्याला विचारा तो किती मोठा असतो. म्हणून आज सविस्तर लिहितो. फोटोग्राफीचा भाग आधी, हिशोब नंतर, कारण पाण्याखाली कॅमेरा कसा वागतो हे कळल्याशिवाय हिशोब लागत नाही.

पहिली गोष्ट, आपला समुद्र म्हणजे मालदीव नाही. कोकणच्या किनाऱ्याला नद्या गाळ आणतात, लाटा वाळू ढवळतात, आणि मालवणात चांगल्या सीझनमध्येसुद्धा काही दिवस चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. अशा पाण्यात लांबून काढलेला फोटो हिरवट, धुरकट येतो. इंस्टाग्रामवर अंदमानचे निळेशार फोटो बघून लोक मालवणला कॅमेरा घेऊन उतरतात आणि निराश होऊन वर येतात.

आता मॅक्रो म्हणजे काय? अगदी लहान गोष्ट अगदी जवळून. तुमच्या लेन्समध्ये आणि त्या जीवामध्ये पाणी असतं फक्त पाच-दहा सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर गढूळ पाणी फोटो बिघडवत नाही, पाच मीटर बिघडवतं. म्हणजे ज्या पाण्यामुळे बाकी सगळ्यांचे फोटो पडतात, त्याच पाण्यात मॅक्रोवाल्याचं काम चालू राहतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे आणि ती फार कमी जण सांगतात.

रंगाचंही तेच. पाणी लाल रंग आधी गिळतं. पाच-सहा मीटर खाली गेलात की लाल वस्तू तपकिरी-राखाडी दिसायला लागते. पण प्रकाश तुम्ही स्वतः नेलात आणि तो दहा सेंटिमीटरवरून टाकलात, तर जाऊन परत यायला त्याला वीसच सेंटिमीटर पाणी कापावं लागतं. लाल रंग जिवंत राहतो. हजार-दोन हजाराच्या फिल्टरपेक्षा जवळ जाणं जास्त काम करतं.

मग कॅमेरा कोणता? इथे मात्र छोटा कॅमेरा खरोखर मोठ्याच्या बरोबरीला येतो. मोठ्या डीएसएलआरला मॅक्रो लेन्स हवी, वर हाउसिंग हवं, म्हणजे पाण्यात न्यायचा बंद डबा, आणि चांगलं हाउसिंग एकटंच लाखाच्या पुढे जातं. कॉम्पॅक्टमध्ये ऑलिंपसची टीजी सीरिज या कामासाठी जगभर वापरली जाते. २०१९ चा टीजी-६ सेकंडहँड बाजारात शोधा. २०२३ मध्ये ओएम सिस्टीम या नावाने टीजी-७ आला. याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस होतो आणि हाउसिंगशिवाय तो १५ मीटरपर्यंत चालतो. सेन्सर लहान असल्यामुळे डेप्थ ऑफ फील्ड जास्त मिळते, म्हणजे किड्याचं डोकं स्पष्ट आणि शेपूट धूसर हा त्रास मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा कमी. उणी बाजूही सांगतो. अंधारात फोटोत दाणे येतात, आणि १२ मेगापिक्सेलच्या पलीकडे काही नाही.

१२ मेगापिक्सेल पुरतात का? मी दुकानात रोज प्रिंट काढतो, म्हणून हे छातीठोक सांगू शकतो. ४००० बाय ३००० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला साधारण १३ बाय १० इंच. ए-फोर, फ्रेम, मग, फ्रिज मॅग्नेट, कॅलेंडर सगळं निघतं. अट एकच, फोटो कापायचा नाही. जीव फ्रेममध्ये लहान आला आणि नंतर क्रॉप करून मोठा केलात, तर प्रिंटमध्ये चिखल दिसतो.

तर जवळ जायचं. पण पाण्यात एक गंमत आहे. मास्कमधून चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर असल्यासारखी वाटते. म्हणजे "आलो जवळ" असं वाटतं तेव्हा तुम्ही जवळ आलेले नसता. उलट एक सेंटिमीटरपर्यंत घुसलात तर कॅमेऱ्याचीच सावली पडते आणि तो जीवही आत पळतो. म्हणून पाच-आठ सेंटिमीटरवर थांबून थोडा झूम घ्यायचा. टॉर्च लेन्सच्या शेजारून सरळ मारायची नाही, बाजूने तिरकी धरायची. समोरून मारलात तर पाण्यातले कण चमकतात आणि फोटोवर बर्फ पडल्यासारखं होतं. याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि आपल्या पाण्यात कण भरपूर आहेत. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरायचा असेल तर त्यावर बसणारा डिफ्यूझर घ्या. शटर अर्ध दाबून फोकस धरा, मग स्वतःच किंचित पुढे-मागे होऊन डोळा किंवा शिंग स्पष्ट झालं की पूर्ण दाबा. वीसात दोन फोटो चांगले आले तरी दिवस वसूल समजा.

आता खर्च वाचवणारा भाग. हे सगळं शिकायला आधी समुद्रात उतरायची गरज नाही. घरी पांढरी बादली किंवा फिश टँक घ्या, तळाला पाच रुपयांचं नाणं, थोडे तांदूळ, एखादा जुना कंगवा टाका. नाण्यावरचे सिंह स्पष्ट येईपर्यंत टॉर्चचा कोन बदलत राहा. (पोहण्याच्या तलावावर कॅमेरा नेण्याआधी परवानगी विचारा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.) त्यानंतर एक रविवार मुंबई गाठा. ओहोटीला, म्हणजे कोकणात ज्याला सुकती म्हणतात तेव्हा, हाजी अली, जुहू, कार्टर रोडचे खडक उघडे पडतात आणि खड्ड्यांत पाणी साठतं. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा उपक्रम २०१७ पासून याच किनाऱ्यांवर लोकांना फिरवून समुद्री जीव दाखवतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. गुडघाभर डबक्यात कॅमेरा बुडवून समुद्री फूल, खेकडे, नशीब असेल तर न्यूडिब्रँक मिळतो. न्यूडिब्रँक म्हणजे शंख नसलेली, भडक रंगाची समुद्री गोगलगाय. मॅक्रोवाल्यांचा हा लाडका जीव. आपल्या मुंबईच्या नावाचाच एक आहे, गोनिओब्रँकस बॉम्बयानस. पुणेकरांनो, शिवनेरीचं तिकीट काढा आणि आधी हे करून बघा. भरतीची वेळ मात्र मोबाइलवर पाहून ठेवा. पाणी वळलं की फोटो सोडून बाहेर यायचं.

मालवणात उतरायचं तर पर्यटकांसाठीची ती वीस मिनिटांची डाइव्ह उपयोगाची नाही. त्यात प्रशिक्षकाने तुम्हाला मागून धरलेलं असतं, तुमचा तोल तुमच्या हातात नसतो. आधी ओपन वॉटर कोर्स करा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा. कोर्सनंतरही पहिल्या काही डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. पाण्यात एका जागी स्थिर राहणं, म्हणजे बॉयन्सी, हाच मॅक्रोचा ट्रायपॉड. आणि एक खाच लक्षात ठेवा. ओपन वॉटरचं सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं असतं, कॅमेऱ्याची हद्द १५ ची. तुम्हाला जायची परवानगी आहे तिथे कॅमेरा मरू शकतो. म्हणून धंद्यासाठी वापरणार असाल तर हाउसिंग घ्याच.

हाउसिंगचा जीव म्हणजे ओ-रिंग, ती रबरी कडी. त्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण बसला की पाणी आत. नवीन हाउसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून बुडवा. टिश्यू कोरडा आला तरच कॅमेरा आत. बोटीवर किंवा किनाऱ्यावर झाकण उघडायचं नाही. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, नुसतं नळाखाली धरून भागत नाही. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर काचेवर वाफ धरते. आणि वॉरंटीचा कागद खरेदीआधी वाचा, पाणी शिरल्यावर नाही.

कायद्याचंही ऐका. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, १९८७ पासून. प्रवाळ आणि समुद्री घोडा यांना वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. फोटोसाठी जीव उचलून दुसऱ्या दगडावर ठेवणं, प्रवाळाला टेकून उभं राहणं, आठवण म्हणून तुकडा खिशात घालणं, यातलं काहीच नको. पैसे घेऊन शूट करणार असाल तर परवानग्या आधी विचारा आणि परवानाधारक डाइव्ह सेंटरसोबतच काम करा.

आता ताईंचा हिशोब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा कॅमेरा, हाउसिंग, टॉर्च, जास्तीची बॅटरी, कार्ड मिळून एक लाख. मे अखेरपासून पावसाळाभर समुद्र बंद. पावसानंतर पाणी निवळायला वेळ लागतो. हातात राहिले सात-आठ महिने, त्यातही गर्दी शनिवार-रविवारीच. वारा, लाटा, रद्द झालेली बुकिंग वजा करून कामाचे ४० दिवस धरा. दिवसाला तीन गिऱ्हाइकं, प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे सीझनला ६० हजार. त्यातून तुमचा स्वतःचा डाइव्हचा खर्च जाणार. आणि मुख्य अडचण तर वेगळीच आहे. मालवणला आलेल्या पर्यटकाला गोगलगाय नको असते, त्याला माशांमध्ये स्वतःचा चेहरा हवा असतो, आणि तो व्हिडिओ डाइव्ह सेंटरवाला पॅकेजमध्येच देतो. त्याच्याशी स्पर्धा करायला गेलात तर गेलात.

गिऱ्हाईक आहे, पण ते मालवणात नाही, इथे पुण्यात आहे. हिंजवडी, खराडी, बाणेरला असे कितीतरी लोक आहेत ज्यांनी डाइव्हिंगचा कोर्स केलाय आणि जे वर्षातून एकदा अंदमान, नेत्राणी किंवा बालीला जातात. एका ट्रिपसाठी कोणी लाखाचं सामान घेत नाही. त्यांना भाड्याने द्या. दिवसाला ८०० धरलं तर पाच दिवसांच्या ट्रिपला ४,०००. वर्षात १५ ट्रिपा मिळाल्या तर ६० हजार, आणि तुम्ही पाण्यात उतरलेलेही नसता. अंदमानचा सीझन आणि बालीचा सीझन वेगळे, त्यामुळे पावसाळ्यातही कॅमेरा फिरतो. सोबत एका संध्याकाळचं प्रशिक्षण द्या, तेच बादली आणि नाण्याचं. त्याचे वेगळे पैसे घ्या. ज्याला ओ-रिंग साफ करायला शिकवलंत तो कॅमेरा बुडवून आणण्याची शक्यताही कमी. म्हणजे प्रशिक्षण हाच तुमचा विमा.

होमस्टेचा उपयोग मी वेगळा करेन. तिथे काढलेले फोटो फ्रेम करून खोल्यांमध्ये लावा, खाली जीवाचं मराठी-इंग्रजी नाव आणि "हा फोटो समोरच्या समुद्रातला आहे" एवढी एक ओळ. काउंटरवर मॅग्नेट आणि पोस्टकार्ड. मॅग्नेट छापायला किती लागतात हे मला माहीत आहे, मार्जिन चांगलं आहे. पण हे जोडउत्पन्न. यावर घर चालत नाही.

म्हणून ताईंना मी सांगितलं ते असं : नोकरी सोडू नका. दीड लाखातले पहिले पैसे कोर्सवर घाला. पहिल्या दोन ट्रिपांना कॅमेरा भाड्याने घ्या. म्हणजे भाड्याने घेणाऱ्याला काय काय विचारावंसं वाटतं तेही कळेल. शंभर चांगले फोटो जमले आणि ओळखीतल्या पाच डाइव्हरनी डिपॉझिट देऊन बुकिंग केलं, तर एक संच घ्या, दोन नको. ताई थोड्या नाराज झाल्या. त्यांना कॅमेरा आधी हवा होता. पण मागच्या आठवड्यात त्यांनी बादलीतल्या नाण्याचा फोटो पाठवलाय, आणि सिंहांची आयाळ मोजता येईल इतका स्पष्ट आहे.

भाड्याने सामान देताना करारपत्र कसं करायचं, डिपॉझिट किती ठेवायचं आणि परत घेताना गिऱ्हाइकासमोर काय काय तपासायचं, ते पुढच्या व्हिडिओत कागद दाखवून सांगतो.