व्यापाऱ्याचा पक्ष कोणता?

निवडणूक जवळ आली की बाजारपेठेत एक प्रश्न हमखास निघतो. मध्यमवर्गाचा, दुकानदाराचा, कारागिराचा खरा पक्ष कोणता? कोणी सांगतो, आमचे घर वडिलांपासून अमुक पक्षाचे. कोणी म्हणतो, व्यापाऱ्यांचा पक्ष तो दुसराच. पक्ष तर सगळेच स्वतःला मध्यमवर्गाचे कैवारी म्हणवतात. पण भाषणे बाजूला ठेवून गेल्या वीस वर्षांची वही उघडली, तर नावे आणि आकडे काही वेगळेच सांगतात. व्यापारी बांधवांनी ही वही एकदा शांतपणे तपासून पाहावी, म्हणून हा लेख.

मध्यमवर्ग म्हणजे नेमके कोण?

पुढारी ‘मध्यमवर्ग’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर बहुधा पगारदार माणूस असतो. म्हणून सवलत जाहीर होते ती आयकराची. नव्या करप्रणालीत 2023 साली 7 लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले आणि 2025 च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा 12 लाखांवर नेण्यात आली. पगारदाराला याचा फायदा झाला, यात शंका नाही.

आता एका किरकोळ दुकानदाराचा हिशेब मांडू. वर्षाची उलाढाल 60 लाख रुपये. त्यावर 8 टक्के नफा धरला, तर हाती येतात 4 लाख 80 हजार. या उत्पन्नावर नव्या प्रणालीत 2023 च्या सवलतीनंतरही आयकर शून्य होता आणि 2025 च्या सवलतीनंतरही शून्यच राहिला. म्हणजे ज्या घोषणेवर टाळ्या पडल्या, तिने या दुकानदाराच्या गल्ल्यात एक रुपयाही टाकला नाही. त्याला जाचते ते वेगळेच. मालावरचा कर, विवरणपत्रांची कटकट, उधारीत अडकलेले भांडवल आणि नगरपालिकेचे परवाने. तेव्हा ‘मध्यमवर्गासाठी काय केले?’ असे विचारण्यापेक्षा ‘माझ्या धंद्यासाठी काय केले?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे.

विरोधात एक, सत्तेत दुसरे

मूल्यवर्धित कराचे, म्हणजे व्हॅटचे उदाहरण घ्या. त्याची तयारी वाजपेयी सरकारच्या काळात सुरू झाली. 1 एप्रिल 2005 रोजी महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी तो लागू केला, तेव्हा केंद्रात मनमोहनसिंग सरकार होते. ज्या समितीने त्याचा आराखडा तयार केला, तिचे अध्यक्ष पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता होते. व्यापाऱ्यांनी संप केले. भाजपच्या ताब्यातील गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान या राज्यांनी तेव्हा व्हॅट लावला नाही आणि व्यापाऱ्यांना वाटले, आपला वाली सापडला. एक वर्ष गेले. 1 एप्रिल 2006 पासून याच राज्यांत तोच कर सुरू झाला.

जीएसटीची कहाणी याच्या उलट दिशेने गेली. चिदंबरम यांनी 2006 च्या अर्थसंकल्पात तो 2010 पासून आणण्याचे जाहीर केले. घटनादुरुस्ती विधेयक 2011 मध्ये आले. गुजरात आणि मध्य प्रदेशच्या भाजप सरकारांनी विरोध केला. 2014 मध्ये सत्ता पालटली आणि भाजपने नवे विधेयक आणले. आता हरकती काँग्रेसच्या होत्या. शेवटी 2016 मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि 1 जुलै 2017 पासून कर लागू झाला. आदल्या मध्यरात्री संसदेत झालेल्या सोहळ्यावर काँग्रेसने बहिष्कार घातला. जो कर एकाने मांडला तो दुसऱ्याने आणला, आणि दोघांनीही आपापल्या वेळी त्याला विरोध केला.

परदेशी दुकानांचा प्रश्न असाच. सप्टेंबर 2012 मध्ये मनमोहनसिंग सरकारने बहुविध मालाच्या किरकोळ व्यापारात 51 टक्के परदेशी भांडवलाला परवानगी दिली. भाजपने कडाडून विरोध केला, भारत बंद झाला. 2014 नंतर मोदी सरकारने तशी दुकाने येऊ दिली नाहीत हे खरे, पण ती तरतूद कागदावरून काढलीही नाही. उलट 2016 मध्ये ऑनलाईन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्यांत 100 टक्के परदेशी भांडवलाची वाट स्पष्ट केली. ज्याची भीती होती तो मोठा दुकानदार रस्त्यावर आला नाही, तो ग्राहकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आला.

जकातनाका का उठला?

याचा अर्थ मताला किंमत नाही, असा मुळीच नव्हे. महाराष्ट्रातील नाक्यावरची जकात आठवा. आपल्या धार्मिक जकातीशी तिचे फक्त नाव सारखे! ती उठवून 2010 पासून टप्प्याटप्प्याने महापालिकांत स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आणला गेला. 2013 च्या उन्हाळ्यात व्यापाऱ्यांनी दुकानांची शटर खाली ओढली. राज्यात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. 2014 मध्ये विरोधकांनी हा कर रद्द करण्याचे आश्वासन दिले, ते सत्तेत आले, आणि 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. मुंबईची जकात आणि राहिलेला एलबीटी 2017 मध्ये जीएसटीत विरून गेला. महापालिकांचे बुडालेले उत्पन्न मात्र राज्याच्या तिजोरीतून भरून द्यावे लागले, म्हणजे तो भार सर्वांवर वाटला गेला.

यातून काय दिसते? व्यापाऱ्यांची मागणी एकच आणि नेमकी होती, ती करणारे सर्व जातिधर्मांचे आणि सर्व पक्षांचे होते, आणि त्यांची मते गृहीत धरावीत अशी नव्हती. निष्ठेने जे झाले नसते, ते या तीन गोष्टींनी झाले.

मागणी कोणत्या दाराशी न्यायची हेही ठाऊक हवे. जीएसटीचे दर एकटे केंद्र ठरवत नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते. ठराव मंजूर होण्यास तीन चतुर्थांश मते लागतात. 2019 मध्ये मालाच्या व्यापाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा 20 वरून 40 लाख करण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने ती घेतली, तेलंगणाने 20 लाखच ठेवले. म्हणजे खासदाराला विचारायचा प्रश्न वेगळा, आमदाराला वेगळा आणि नगरसेवकाला वेगळा.

भीतीचे मत आणि बाजाराचे मत

आपल्या समाजातील व्यापाऱ्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. भिवंडीने 1970 आणि 1984 पाहिले, मुंबईने 1992-93 पाहिले. ज्याने जळालेले दुकान पाहिले आहे, तो मत देताना आधी सुरक्षितता पाहणार, आणि ते योग्यच आहे. दुकान शाबूत असेल तरच कराचा प्रश्न. परंतु केवळ भीतीपोटी मिळणाऱ्या मताची एक अडचण असते. ज्या पक्षाला हे मत मिळणारच असे वाटते, तो संरक्षणाच्या शब्दापलीकडे काही देत नाही. ज्याला ते मिळणारच नाही असे वाटते, तो तेवढेही देत नाही. मग यंत्रमागाची वीज, कर्ज, बाजाराची जागा, हे विषय आपल्या मोहल्ल्यातील सभेत निघतच नाहीत. सुरक्षितता मागताना धंद्याची मागणीही त्याच सभेत मांडली पाहिजे.

शिवाय जे मिळाले आहे ते कोणाच्या हातून मिळाले यावर न अडता पदरात पाडून घ्यावे. थकलेल्या बिलांचेच पाहा. लहान उद्योगांना उशिराच्या रकमेवर व्याज देणारा पहिला कायदा 1993 चा, नरसिंह राव सरकारचा. 2006 च्या कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांची कमाल मुदत घातली, करार नसेल तर 15 दिवसांची. व्याज बँक दराच्या तिप्पट. 2023 मध्ये मोदी सरकारने आयकरात दुरुस्ती केली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येते. तीन सरकारे, पण गरज एकच. यासाठी कारागिराची ‘उद्यम’ नोंदणी हवी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ही संरक्षणे लागू नाहीत. उमेदवाराकडे मागण्यासारखी एक मागणी इथेच तयार आहे.

आपण कोणालाही मत द्या, तो आपला हक्क आहे. पण ठोक व्यापाऱ्याशी भाव ठरवल्याशिवाय आपण माल उचलत नाही. उमेदवार दुकानाच्या पायरीवर येईल, तेव्हा आपल्या बाजाराची एक मागणी लेखी त्याच्या हाती द्या, त्याच्या पक्षाने याआधी सभागृहात काय केले ते विचारा, आणि पाच वर्षांनी तोच कागद पुन्हा काढा.