लहान मोटारीमागची कॅराव्हॅन

इंग्लंडात आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबाने परवा लहान मोटारीसाठी कॅराव्हॅन पाहिली, तेव्हा अंतर्भागाची शोभा सर्वांनी न्याहाळली. वजनाची चौकशी मात्र कोणी केली नाही.

मोटारीच्या दाराच्या चौकटीत बहुधा एक पट्टी असते. तिच्यावरील चार वजनांपैकी दुसऱ्यातून पहिले वजा करता जे उरते, ती ओढण्याची कमाल मर्यादा, आणि ते दुसरे वजन नमूदच नसेल तर त्या मोटारीने काहीही ओढू नये.

तथापि नवशिक्याने सामानासह कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, हा इथल्या जाणकारांचा दंडक मला शिरोधार्य वाटतो: मोटार १००० किलोची, तर कॅराव्हॅन भरून ८५०.

जड जिन्नस आसावर, तळाशी ठेवावेत; भार मागे गेला की कॅराव्हॅन वेगात डोलू लागते.

आपल्या मोटारीचे आकडे कळवल्यास हिशेब आनंदाने मांडून देईन.