सायलेन्सर बदलला आणि दिवा लागला

घरातल्या तरुण मुलाच्या हाती गाडीची किल्ली आली की पहिले काही महिने तो ती धुऊन-पुसून लख्ख ठेवतो. मग सीट कव्हर येते, मग म्युझिक सिस्टीम, आणि एक दिवस सायलेन्सरची पाळी येते. 'आवाज दमदार येतो, पिकअप वाढतो' असे मित्रांनी पटवलेले असते. दोन-चार दिवस गाडी गुरगुरत ऐटीत फिरते आणि मग मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. अब्बा विचारतात, तर उत्तर मिळते, "काही नाही, सेन्सरचा दिवा आहे. गाडी मस्त पळतेय." त्या गाडीत अम्मी बसते, लहान भावंडे बसतात, म्हणून हा दिवा काय सांगतो ते घरातल्या सगळ्यांनी समजून घेतलेले बरे.

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, तो एकच डबा नसतो. इंजिनातून धूर बाहेर पडला की आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. गॅरेजवाले त्याला 'कॅट' म्हणतात. आवाज दाबणारा डबा पार मागे असतो. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल इथे निरुपद्रवी होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला. आजच्या बीएस-६ गाड्यांत तो बहुधा इंजिनाला चिकटूनच बसवलेला असतो.

या कन्व्हर्टरवर दोन पहारेकरी असतात. एक ऑक्सिजन सेन्सर त्याच्या आधी, दुसरा नंतर. पहिला धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनाच्या कॉम्प्युटरला पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण साधायचे असते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखे खालीवर होत असते. कन्व्हर्टर नीट काम करत असेल, तर मागच्या सेन्सरचा आकडा मात्र बराचसा स्थिर राहतो. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला की मागचा सेन्सरही पुढच्यासारखाच नाचू लागतो. कॉम्प्युटर ओळखतो, मध्ये काहीच उरलेले नाही. तो पी ०४२० हा कोड नोंदवतो आणि दिवा लावतो.

म्हणजे पी ०४२० आला की 'सेन्सर खराब झाला' असे म्हणणे बहुतेक वेळा चूकच असते. सेन्सर खरे बोलतो आहे. तरी पुष्कळ लोक नवा सेन्सर विकत घेतात, महिन्याभरात दिवा पुन्हा लागतो, आणि मग कंपनीला दोष देतात.

सायलेन्सरच्या कामानंतर येणारे बाकीचे कोड वेगळे काही सांगतात. पी ०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरचे सर्किट तुटलेले. नवा पाइप बसवताना वायर ताणली गेली, कनेक्टर नीट बसला नाही किंवा वायर गरम पाइपला टेकून वितळली, असे कारण बहुधा निघते. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. कारणे अनेक असू शकतात, पण सायलेन्सरच्या कामानंतर लगेच आला असेल तर आधी पुढच्या सेन्सरच्या अलीकडचे जोड तपासावेत. पॅकिंग नीट बसले नसेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते ऑक्सिजन वाढला, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो आणि ॲव्हरेज घसरते.

गळती शोधायला महागडे यंत्र लागत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करून जोडांजवळ कान द्यावा. फुसफुस ऐकू येते. जोडावर काजळीचा काळा डाग दिसतो. पाइप तापण्यापूर्वी साबणाचे पाणी लावले तर बुडबुडे येतात. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा स्कॅनर मिळतो, तो मोबाइलवर कोड दाखवतो. कोड वाचून लिहून ठेवावा, दुरुस्ती करावी आणि त्यानंतरच पुसावा. आणखी एक: जोडाला साधे सिलिकॉन चोपडणाऱ्या कारागिराला थांबवा. त्याची वाफ सेन्सरला मारते.

सगळ्यात काळजीची गोष्ट गळतीचीच आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. फरशीखालच्या जोडातून तो गळत असेल आणि गाडीच्या खालच्या पत्र्याला भोक असेल, तर काचा बंद, एसी चालू आणि मागे मुले झोपलेली, अशा लांबच्या प्रवासात तो आत जमू शकतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी एकाच वेळी दोघातिघांना जाणवली, तर गाडी लागली असे समजू नका. थांबा, इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत असते. तेव्हाही गाडी बाजूला घ्यावी.

बाजारात यावर झटपट इलाज विकले जातात. मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावून तो धुराच्या झोतातून वर उचलतात, किंवा रिमॅप करून कॉम्प्युटरला तो कोड नोंदवूच देत नाहीत. दिवा विझतो, धूर तसाच राहतो. हे म्हणजे वॉचमनच्या तोंडात बोळा कोंबून चोरी थांबली म्हणण्यासारखे. मागच्या गल्लीतल्या दम्याच्या आजीला दिवा दिसत नाही, तिला धूर लागतो. पीयूसीतही गाडी नापास होण्याची शक्यता मोठी, कारण बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे.

कायदाही ढिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा. मालक म्हणजे आरसीवर ज्याचे नाव आहे तो, म्हणजे बहुधा अब्बाच.

मुलाला आवाजाची हौस असेलच, तर निदान कन्व्हर्टरला हात लावू नये हे ठामपणे सांगावे. फक्त मागचा डबा बदलला तर हे कोड यायचे कारण नाही. आले तर वायर किंवा जोड बघावा. पण आवाजाचा नियम त्या डब्यालाही लागू आहे आणि पिकअपमध्ये फरक पडलाच तर नावापुरता.

कन्व्हर्टर आधीच काढला असेल, तर तो परत बसवणे हाच उपाय आहे. म्हणून काम करताना जुना भाग "ठेव तुझ्याकडे" म्हणून गॅरेजमध्ये सोडू नये. त्यातल्या धातूंमुळे त्याला भंगारातही चांगला भाव येतो, आणि नवा अस्सल घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होतो. अशी गाडी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याला बदल सांगूनच किंमत ठरवावी. कोड पुसून, दिवा विझवून ऐब झाकलेली गाडी त्याच्या घरी शे-दोनशे किलोमीटर चालली की दिवा पुन्हा लागतो.