उतरलेलें वजन आणि घरचा आग्रह

पांच वर्षांपूर्वीं माझें वजन ९१ किलो भरलें आणि डॉक्टरांनीं रक्तांतील साखरेकडे बोट दाखविलें. आठ महिन्यांत मीं तें ७४ वर आणलें. हें सांगतांना आजहि थोडा अभिमान वाटतो. परंतु त्यापुढील हकीकत अभिमानाची नव्हे. वजन कसें उतरवावें हें सांगणारे पुष्कळ भेटले. उतरल्यावर काय करावें, हें मीं कोणास विचारलेंच नाहीं.

घरांत आम्ही अकरा माणसें. वजन उतरत होतें तोंवर सर्वांनीं माझा नियम सांभाळला, कारण तें एक व्रत आहे अशी सर्वांची समजूत होती. आणि व्रत म्हटलें कीं उद्यापन आलेंच! ७४ चा आकडा दिसला त्या दिवशीं घरांत पुरणपोळी झाली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गळ्याचीं हाडें दिसूं लागलीं. आतां तरी पोटभर जेवा." मी जेवलों. पुढें भात पूर्ववत् झाला, तूप आलें, दुपारच्या चहाबरोबर शेवहि आली. सव्वा वर्षांत वजन ८५ झालें आणि साखर त्याच्या मागोमाग परतली. वहिनींस दोष कसा देऊं? आमच्या घरांत माया ताटांतच वाढली जाते.

हा केवळ माझ्या निग्रहाचा पराभव, असें मी समजून होतों. पुढें वाचनांत निराळेंच आलें. अमेरिकेंत वजन उतरविण्याची एक दूरचित्रवाणी-स्पर्धा होत असे. तींतील १४ स्पर्धकांस केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा वर्षांनंतर पुनः तपासलें व निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध केले. सरासरी ५८ किलो उतरविलेल्या त्या मंडळींचें सुमारें ४१ किलो परत आलें होतें. शिवाय विश्रांतीच्या स्थितींत त्यांचें शरीर अपेक्षेपेक्षां दिवसाला सुमारें ५०० उष्मांक कमी खर्च करीत होतें. म्हणजे आपल्या चार-पांच पोळ्यांएवढे. वजन घटल्यावर भूक चाळविणारीं द्रव्येंहि रक्तांत दीर्घकाळ वाढलेलीं राहतात. शरीर उतरलेल्या वजनास तूट समजतें आणि ती भरून काढूं पाहतें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, सातव्या अध्यायांत, अहितकर संवय चतुर्थांशानें सोडावी व हितकर तशीच क्रमाक्रमानें अंगीं लावावी, असें सांगितलें आहे. क्रमानें गेलेल्या दोषांचा अपुनर्भाव होतो. हा शब्द आम्हीं मोक्षाच्या संदर्भांत ऐकलेला. तो भातातुपाच्या हिशेबांत भेटेल असें वाटलें नव्हतें.

दुसऱ्या खेपेस मीं घाई केली नाहीं. दीड वर्षांत ७६ वर आलों, आणि मुख्य म्हणजे उद्यापन केलें नाहीं. भात एक मूद, वरण व उसळ भरपूर, रात्रीं ताक. साठीनंतर वजनाबरोबर स्नायूहि झिजतात, म्हणून डाळीकडे दुर्लक्ष नको, असें डॉक्टरांनीं बजाविलें. पहांटे, रस्त्यावर टेम्पोंची वर्दळ सुरू होण्यापूर्वीं, वऱ्हाळादेवीच्या तलावाकडे तासभर चालतों. दर रविवारीं वजन घेतों. ७८ दिसलें कीं त्याच आठवड्यांत आवरतें घेतों. उतरलेलें वजन टिकविणाऱ्यांची एक नोंदवही अमेरिकेंत १९९४ सालीं सुरू झाली. तींतील दहांपैकीं नऊ जण दररोज सरासरी तासभर व्यायाम करीत आणि चारांतील तिघे आठवड्यांतून निदान एकदां वजन घेत, असें आढळलें. अर्थात् तीं स्वेच्छेनें नांव नोंदविणारीं माणसें. तेवढ्यावरून सिद्धान्त बांधूं नये.

सर्वांत कठीण काम मात्र स्वयंपाकघरांत होतें. एका दुपारीं साखर तपासल्याचे दोन्ही वेळचे कागद मीं वहिनींपुढें ठेवले. त्यांनीं चष्मा लावून आकडे पाहिले, आणि कांहीं बोलल्या नाहींत.

गेल्या गणेशचतुर्थीस त्यांनीं माझ्या ताटांत दोन मोदक वाढले, तिसरा हातांत घेतला, क्षणभर थांबल्या, आणि तो शेजारीं बसलेल्या नातवाच्या ताटांत ठेवून पुढें गेल्या.