बिल बुडवलं, पण चारसोबीस नाही

गणपती गावाला गेले की लालबाग-परळपासून घोडपदेवपर्यंतच्या पट्ट्यात वसुलीचा मोसम सुरू होतो. मांडववाला, लाइटवाला, फ्लेक्स छापून देणारा, कार्यकर्त्यांना चहा-नाश्ता पुरवणारी ताई, सगळ्यांच्या वहीत एकच शेरा असतो : बाकी. मंडळंच कशाला, ऑफिसची रंगरंगोटी, लग्नाचं केटरिंग, कंपनीचं डिझाइनिंग, सगळीकडे तीच कथा. 'दादा, या आठवड्यात नक्की' असं पाचव्यांदा ऐकलं की माणूस तडक पोलीस ठाणं गाठतो : साहेब, चारसोबीस लावा त्याच्यावर.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. पैसे दिले नाहीत म्हणजे फसवणूक झाली, असं कायदा मानत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुनं ४२० कलम नव्या ३१८मध्ये गेलं. आकडा बदलला, कसोटी तीच राहिली : काम सांगतानाच त्याच्या मनात पैसे बुडवायचे होते का? नंतर नियत फिरली, धंदा बसला किंवा कामावरून वाद झाला, तर ते देणं दिवाणी. दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी हेच पुन्हा बजावलं. घोड्यांसाठी धान्य आणि ओट पुरवणाऱ्याचे नऊ लाखांहून अधिक रुपये क्लबकडे थकले होते, आणि त्याने फौजदारी तक्रार केली होती. न्यायालयाने समन्स रद्द केलं. विकलेल्या मालाची किंमत थकली तर तो विश्वासघाताचा गुन्हा होत नाही, किमतीसाठी दिवाणी दावा लावा, असा त्याचा मथितार्थ. त्यामुळे ठाण्यातले हवालदार 'हे सिव्हिल आहे' म्हणतात तेव्हा ते दरवेळी टोलवत नसतात. मात्र खोटं नाव-पत्ता देऊन काम करून घेतलं असेल, एकाच माणसाने तसंच चारपाच जणांना गंडवलं असेल, तर लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. पैसे मागितल्यावर धमकी मिळाली तर तो वेगळाच गुन्हा झाला. उलटही खरं आहे : चार पोरं घेऊन त्याच्या घरी दम द्यायला गेलात, तर वसुली बाजूला राहते आणि आरोपी तुम्ही होता.

'मग ग्राहक मंचात जातो.' तिथेही दार बंद. ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे सेवा घेणारा. तुम्ही सेवा देणारे.

'पण आमच्यात लेखी काहीच नाही हो,' ही यापुढची हताशा. खरं तर १८७२चा करार कायदा तोंडी करारही मानतो. त्याच कायद्याचं ७०वं कलम तर आणखी पुढे जातं. फुकट करण्याचा हेतू नसताना तुम्ही कुणासाठी रीतसर काम केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. अडचण कराराची नसते, पुराव्याची असते. डिलिव्हरी चलनावरची सही, अ‍ॅडव्हान्स म्हणून आलेले जीपेचे पाच हजार, 'बॅनर मस्त झालाय भाऊ' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, हे सगळे पुरावेच. फक्त मेसेजचा निव्वळ स्क्रीनशॉट पुरत नाही. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो वाद झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर ते लागत नाही. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमात आहे. तेव्हा वाद मिटेपर्यंत जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

मंडळांच्या बाबतीत एक पेच आणखी असतो. बिल कुणाच्या नावाने फाडायचं? नोंदणी नसलेलं मंडळ म्हणजे कायद्याच्या नजरेत नुसता माणसांचा समूह. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलते आणि नवे लोक म्हणतात, ते मागच्यांना विचारा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर विश्वस्तांची नावं तरी मिळतात. ऑर्डर घेतानाच पदाधिकाऱ्याचं नाव आणि सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला आपल्याला लाज वाटते. बुडणाऱ्या बिलांपैकी बरीचशी या लाजेपायीच बुडतात, असं माझं मत आहे.

आता मुदत. 'पैसे माझेच आहेत, कधीही मागीन' हे चालत नाही. पैसे कधी द्यायचे ते ठरलं नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. वकिलाची नोटीस पाठवली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. (नोटीस वकिलानेच पाठवायला हवी असंही नाही, स्वतःच्या सहीचं, तारखा आणि रक्कम लिहिलेलं, पोचपावतीसह पाठवलेलं पत्र चालतं.) तीन वर्षांच्या आत त्याने देणं मान्य असल्याचं सही करून लिहून दिलं, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. मुदत उलटल्यावर नुसती कबुली उपयोगाची नाही. तेव्हा 'मी हे पैसे देईन' असं सहीचं नवं वचनच लागतं.

एवढं सगळं सांगूनही छोट्या धंदेवाल्यांना सर्वांत कमी माहीत असलेला कायदा राहतोच : २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. 'उद्योग म्हणजे कारखाना, आपलं तर दहा बाय बाराचं दुकान,' असं म्हणून लोक तो सोडून देतात. पण त्यात सेवा देणारेही येतात : छपाईवाला, डिझायनर, दुरुस्तीवाला, केटरर. 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. एजंट त्याचे पैसे घेतो ते त्याच्या कष्टाचे. कायदा म्हणतो, ठरलेल्या तारखेला पैसे द्या, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ठरवता येणार नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर हे साडेसोळा टक्के होतात. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करायची. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि खरी गोम तिथेच आहे. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची असलेली बरी, नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, आणि मालासकट बांधकामाचा ठेका असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचे काही निकाल विरुद्ध गेलेले आहेत.

समोरचा जीएसटीवाला असेल तर आणखी एक चावी आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याने पैसे चुकते केले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. त्याच्या अकाउंटंटला हे सभ्य शब्दांत कळवा. तुमच्या बाजूचा गैरसमजही लगेच काढून टाका : ग्राहकाने पैसे दिले नाहीत म्हणून तुमचा जीएसटी माफ होत नाही.

चेक वटला नाही तर मात्र फौजदारी वाट खुली आहे. तीही पोलिसांची नव्हे, थेट दंडाधिकाऱ्यांकडची. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. यातली एक तारीख हुकली की प्रकरण लंगडं पडतं.

आणि वस्तू तुमच्याकडेच असेल तर? शिंप्याने शिवलेला सूट, मेकॅनिकने दुरुस्त केलेली गाडी पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवली तर ती चोरी नाही. मेहनत ज्या वस्तूवर केली तीच वस्तू, त्याच कामाच्या मजुरीपोटी राखून ठेवण्याचा हक्क करार कायद्याचं १७०वं कलम देतं. ती विकता किंवा वापरता येत नाही, एवढंच. वकिलाला अशिलाची फाइल मात्र फीसाठी अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच सांगून ठेवलं आहे.

हे सगळं स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचं झालं. पगारदाराचा पगार अडला तर वाट कामगार खात्याची. रे रोड-दारूखान्याच्या बाजूला माथाडी कामगार दिसतात, त्यांच्यासाठी तर महाराष्ट्राने १९६९च्या कायद्याने वेगळीच घडी बसवली : मालकाने मजुरी मंडळात भरायची आणि कामगाराने ती मंडळाकडून घ्यायची. हमालाला शेठच्या दारात उभं राहावं लागू नये हा त्यामागचा विचार. फ्लेक्सवाल्यासाठी असं मंडळ नाही.

दावाच लावायचा तर 'छोटी रक्कम म्हणजे धोबीतलावचं लघुवाद न्यायालय' हेही अर्धसत्य. पैशाच्या दाव्यांसाठी तिथली मर्यादा दहा हजार रुपयांची आहे. त्यावरचे दावे शहर दिवाणी न्यायालयात जातात. व्यापारी वाद तीन लाख किंवा त्याहून अधिकचा असेल, तर तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असताना आधी मध्यस्थी सक्तीची आहे. महिलांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. नाश्ता पुरवणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं.

आणि हुकूमनामा हातात पडला म्हणजे पैसे आले, असंही नाही. समोरच्याने तरीही दिले नाहीत तर दरखास्त करून जप्ती मागावी लागते. त्यासाठी बारा वर्षांची मुदत असते, पण कशावर जप्ती आणायची ते तुम्हालाच सांगावं लागतं. म्हणून ज्या बँक खात्यातून त्याने अ‍ॅडव्हान्स पाठवला, ती नोंद पहिल्याच दिवशी बिलाच्या फाइलला लावून ठेवा.